या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नाही

मी जन्माची वडनेर भोलजीची, नांदुरा तालुक्यातली. पन वाढली दुसरीकडेच, कारन माहे बाबा नगरपालिकेत पानी सोडायले होते, व्हॉल्व्ह फिरवायचं काम, आज या गल्लीले पानी, उद्या त्या. कोनती पालिका ते नका लिहू, बुलढाणा जिल्ह्यातली आहे एवढं पुरे, गावाचा काही दोष नाही त्यात, दोष माहा आहे अन तोच सांगायले बसली आहे. चहा घ्या आधी. साखर कमी असन, मले शुगर आहे म्हनून घरात सगळ्याइलेच कमी.

बाबाले सारं गाव शामराव म्हने. रेशन कार्डावर शामराव, मतदार यादीत शामराव, पन शाळेत मास्तरनं घातलं होतं शालिग्राम, अन नोकरीच्या येळी शाळेचा दाखला लावला तं सर्विस बुकात शालिग्राम. आमच्याकडे अशी दोन नावं घरोघरी आहेत, एक घरचं अन एक दाखल्यावरचं. माहंच पाहा, दाखल्यावर मी सुशीला, पन सुशीला म्हनून कोनी हाक मारली तं मी मागं वळून बी पाहात नाही, मी बेबी, पहिले नुसती बेबी, मंग बेबीताई. तं बाबा होते तोवर काही बिघडलं नाही. मी बारावीत होती अन ते अटॅकनं गेले. आई पेन्शनचे कागद घेऊन पालिकेत गेली, मृत्यूच्या दाखल्यावर शामराव, तं तिथला बाबू म्हने बाई, शामराव नावाचा मानूसच आमच्याकडे नव्हता. आई म्हने अवो, तुमी तं त्याइच्या मातीले आल्ते. तो म्हने आल्तो ना, पन कागदावर नाही. दोन वर्षं, काय सांगू तुमाले, दोन वर्षं माही आई त्या पायऱ्यावर बसली, फडक्यात भाकर बांधून, साहेब आले का, साहेब गेले का, उद्या या, सोमवारी या. दोन नावं एकाच मानसाची आहेत हे सिद्ध करता करता तिचं डोकं पांढरं झालं. मंग झाली पेन्शन, अन अनुकंपावर मले नोकरी बी लागली, त्याच हापिसात. पहिल्या दिवशी आई म्हने बेबे, तुह्या टेबलावरून कोनी बाई अशी वापस नको पाठवू वो. मी म्हटलं नाही पाठवनार. शब्द देल्ला होता मी तिले, खरंच देल्ला होता.

हापिसात मी आस्थापनेले, म्हंजे पगारबिल, रजा, सर्विस बुक, असं सारं. मसुदा माहा एक नंबर, हे मी बढाई म्हनून नाही सांगून राह्यली. कोनतंबी पत्र असो, तीन ओळीत असं लिहीन की समोरच्याले दुसरा प्रश्न सुचू नाही. साहेब लोक बदलत गेले, पन एक मात्र सगळे करत, बेबीताईचा मसुदा आहे म्हटलं की न वाचता सही. लय अभिमान होता मले त्याचा. आता त्याच गोष्टीची लाज वाटते, पन तवा अभिमानच होता.

अन बाळूदादा. तो पान्याच्या टँकरवर ड्रायव्हर. मी वीस वर्षांची पोरगी नवीन लागली तवा एक मुकादम होता, जाता येता काहीबाही बोले, मी मान खाली घालून रडे. बाळूदादानं एक दिवस त्याची कॉलर धरली, साऱ्या हापिसासमोर, म्हने ही माही बहीन आहे, ध्यानात ठेव बे. मले सख्खा भाऊ नाही. त्या साली मी त्याले राखी बांधली अन मंग दरसाल बांधली. भाऊबीजेले तो येनार म्हंजे येनार. माह्या डिलिव्हरीले टँकर रस्त्यात उभा करून कोनाची तरी जीप घेऊन आल्ता, त्यापायी मेमो खाल्ला त्यानं. माहा मालक म्हने सख्खा बी एवढं करत नाही. खरं होतं ते. म्हनूनच सांगाले जीभ जड होते, कारन मानूस वाईट नव्हता, माह्यासाठी तं नव्हताच.

त्याचं लग्न झालं साखरखेर्ड्याच्या संगीताशी. मी करवली होती, कलश घेऊन मिरवली. पोरगी झाली, वैष्णवी. मंग काय बिनसलं ते त्या दोघाइलेच माहीत, संगीता दिवाळीले माहेरी गेली अन हा आनाले गेलाच नाही. ती म्हने नेल्याशिवाय येत नाही, हा म्हने गेली तशी येईन. असं करता करता चार वर्षं गेली, बाप्पा, चार वर्षं. पोरगी सहाची झाली. मंग तिनं खावटीची, म्हंजे पोटगीची, केस टाकली. हा तारखेले एकदा बी गेला नाही, कोर्टानं एकतर्फी निकाल देल्ला, पोरीच्या नावानं दर महिन्याले इतकी खावटी. हा देईना. तवा मंग कोर्टाचं पत्र आलं आमच्या साहेबाच्या नावानं, की याच्या पगारातून कापा अन इकडे भरा. पोळा होऊन आठ दिवस झाले असतीन. आवकमध्ये नोंद झाली अन पत्र माह्या टेबलावर.

त्याले कोठून तरी कळलं. दुपारी डबा खायच्या येळी आला, माह्या टेबलापाशी खालीच बसला. म्हने ताई, मी पोरीले देत नाही असं थोडंच आहे, मी हातात देईन, पन पगारातून कापलं तं साऱ्या हापिसात होईन ना, याच्या बायकोनं याचा पगार कापला म्हनतीन लोक. तिच्या भावाकडे काही कमी नाही वो, ती मले वाकवाले करून राह्यली. मी म्हटलं दादा, कोर्टाचं पत्र आहे, माह्या हातात काही नाही. तो म्हने बरं. उठला अन गेला. एवढंच. मले त्यानं काही कर म्हटलं नाही, पुढचं त्याले सुचलंच नव्हतं.

मले सुचलं. तो गेल्यावर मी पत्र परत वाचलं अन पाह्यलं, नाव लिहिलं होतं बाळू रामभाऊ. संगीताच्या वकिलानं रेशन कार्डावरून घेतलं असन. अन सर्विस बुकात तो गजानन. मले आठवलं की नाही आपल्या आईचं, ते विचाराल तुमी. आठवलं ना! आठवलं म्हनून तं सुचलं. ज्या बाबूले मी जनमभर शिव्या देल्या त्याचंच वाक्य माह्या हातून उतरलं, फक्त माहं अक्षर बरं. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, या नावाचा कर्मचारी या कार्यालयाच्या आस्थापनेवर कार्यरत नाही. अन त्यातला एक शब्द खोटा नाही, पाहा. साहेबानं गठ्ठ्यात सही केली. मी घरी आली, भाजी केली, झोपली. झोप बी लागली, हे बी लिहा.

त्या भाऊबीजेले बाळूदादानं मले साडी टाकली ओवाळनीत. दरसाल साधी राहे, त्या साली मोरपंखी, भरजरी काठाची. मी म्हटलं दादा, एवढी भारी? तो म्हने तुह्याहून भारी नाही. दोन लग्नात नेसली मी ती. कोनाच्या ताटातली आहे ते डोक्यात आलंच नाही, का आलं होतं अन मी येऊ देल्लं नाही, आता सांगता येत नाही मले.

दीड वर्ष गेलं. एक दिवस मी खिडकीतून पाह्यलं तं पायऱ्यावर एक बाई बसली होती, पिशवी मांडीवर, बाजूले पोरगी. अशीच, याच पायऱ्यावर आई बसे. जवळ गेली तं संगीता. मले पाहून उठली, म्हने वन्सं, मी तुमच्यापाशीच आली. कोर्टातले म्हनतात पालिकेनं लिहून देल्लं की असा मानूसच नाही. वन्सं, तुमीच सांगा, असा मानूस नाही का? मंग ही पोट्टी कोनाची?

तिनं पिशवीतून लग्नाची पत्रिका काढली, घडीवर फाटलेली. चि. गजानन उर्फ बाळू. अन खाली, करवली म्हनून, सौ. बेबीताई. माहं नाव, लाल शाईत छापलेलं.

पोरगी भिंतीवरची पाटी वाचून राह्यली होती, मान अशी वाकडी करून. मी म्हटलं अशी काऊन पाहातेस वो? संगीता म्हने तिचा एक डोळा आळशी आहे. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, चष्मा लावा, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधा, दर दोन महिन्याले दाखवाले आना, आता लहान आहे तं सुधरन, मोठी झाली की काही होत नाही. एकदा नेलं, दोनदा नेलं, मंग कायच्यावर नेऊ? जायचं म्हंजे मजुरी बुडते, भाड्याले भाऊ किती दिवस देईन, त्याले त्याचे लेकरं आहेत. आता परवा नेलं तं डॉक्टर म्हने बाई, उशीर झाला, आहे तेवढंच राहीन. मी विचारलं पहिल्यांदा कवा सांगितलं होतं डॉक्टरनं? ती म्हने दीड वर्ष झालं, पोळ्याच्या मागंपुढं.

मी तिले खुर्चीवर बसवलं, पोरीले बिस्किटं आनली, अन तिच्यासमोर मसुदा लिहिला, की पत्रिकेवरून गजानन उर्फ बाळू हे एकच इसम असल्याची खात्री पटली, मागील पत्र नजरचुकीने पाठविले गेले. नजरचुकीनं! पोरीची नजर गेली अन मी लिहिलं नजरचुकीनं. ते लिहितानी मले ते दिसलं बी नाही, चार दिवसानं भांडे घासता घासता ध्यानात आलं अन मी मोरीतच बसली. संगीतानं विचारलं वन्सं, चूक कोनाची झाली व्हती? मी म्हटलं कोर्टाची, त्याइनं नाव बरोबर लिहिलं नाही. तिनं माहे हात धरले. म्हने तुमी व्हत्या म्हनून झालं.

पुढच्या महिन्यापासून कापनं सुरू झालं, मागचं बी हप्त्यानं वसूल झालं, मीच बिलं काढली, एक महिना चुकू देल्ला नाही. बाळूदादा माह्याशी बोलेनासा झाला. राखीले मी ताट करून बसली, तो आला नाही, पुढच्या साली बी नाही. आता हापिसात समोर आला तं बाजूनं निघून जातो. मी भाऊ बी ठेवला नाही अन त्या पोरीचा डोळा बी राह्यला नाही. आई गेली तवा मी तिच्यापाशी बसली होती, सांगावं म्हनून दोनदा तोंड उघडलं, पन ती म्हने माही बेबी कोनाले वापस पाठवत नाही, शेजारनीले सांगून राह्यली होती. मंग कसं सांगू?

अन आता परवाची गोष्ट, जिच्यापायी मी तुमाले बोलावलं. वैष्णवी आल्ती घरी, बारावी झाली, पेढे घेऊन. जाड भिंगाचा चष्मा, अन मान अजून थोडी वाकडीच. म्हने बेबी आत्या, मले पोलीस भरती करायची होती, पन डोळ्यात बसत नाही, जाऊ दे, मी डी.एड. करीन. जाऊ दे म्हने, हासत. माह्या आईनं सांगितलं, पहिला पेढा आत्याले दे, तिच्यामुळे आपल्याले खावटी मिळाली, तिच्यामुळे शिकली तू. अन वाकली पायाले. मी पाय मागं घेतले, ती म्हने काऊन वो आत्या? मी म्हटलं काही नाही, शीक माय, लय शीक, सुखी राहा. आशीर्वाद तं द्यावाच लागतो, समोर लेकरू वाकलं की. ती मोरपंखी साडी पेटीतून काढली होती तिले द्याले. मंग वाटलं, तिच्याच पैशाची वस्तू तिले भेट म्हनून कोनत्या तोंडानं देऊ? ठेवून देल्ली परत.

तुमी मघा म्हटलं, छापतानी नाव बदलतो, कोनाले कळनार नाही, नोकरीची अजून अकरा वर्षं बाकी आहेत तुमची. आहेत. साहेब चौकशी लावतीन बी. मालक म्हनतो झालं गेलं, आता काऊन उकरून काढतेस? पन त्या पोरीसमोर बसून सांगाची माही छाती नाही, दोनदा साखरखेर्ड्याच्या गाडीत बसली अन मधातच उतरून वापस आली. ती वाचते, लय वाचते, एका डोळ्यानं. तं तुमी नाव बदलू नका. अन नुसतं सुशीला बी लिहू नका. सुशीला उर्फ बेबी, असं लिहा, उर्फ टाकून, दोन्ही. नाही तं ती वाचन अन म्हनन, या नावाची आत्या आपल्याले नाही.