इग्नाझच्या पानावरची पाटी

बुर्गी : म्हणजे माझ्या इग्नाझच्या तोंडावर पाटी लावणार तुम्ही? जिवंतपणी त्याने टोपीसुद्धा कपाळावर येऊ दिली नाही.

पोल्डी : तोंडावर नाही गं, बुर्गी. साइटवरच्या फोटोच्या तळाशी. फार तर छातीपर्यंत येईल.

बुर्गी : छातीवर त्याचं अग्निशमन दलाचं पदक आहे.

पोल्डी : मग पदकाच्या खाली.

व्रोनी : एकट्या इग्नाझकाकांच्याच नाही, बुर्गीमावशी. आपल्या दुकानाने अंत्यविधी करून पोचवलेल्या प्रत्येकाच्या श्रद्धांजलीच्या पानावर येणार आहे. लिन्झच्या एका वकिलाचं पत्र आलंय. आपल्या साइटवर कोण येतं, कुठून येतं, ते आपण न विचारता टिपून ठेवतो. कायद्यात बसत नाही. पंधरा दिवसांची मुदत आहे.

पोल्डी : चार पानी पत्रातला मला एकच शब्द कळला. शेवटचा 'स्नेहपूर्वक'. मग सुनेला हाक मारली.

बुर्गी : टिपून ठेवतो म्हणजे कसं?

व्रोनी : कोणी पान उघडलं की साइट त्याच्या फोनमध्ये एक चिठ्ठी ठेवते. कुकी म्हणतात तिला. तो पुन्हा आला की चिठ्ठीवरून ओळख पटते, हा मागच्याच रविवारचा माणूस. आता चिठ्ठी ठेवण्याआधी विचारायचं. हो की नको.

बुर्गी : आणि नको म्हणाला तर?

व्रोनी : तर काही कळणार नाही.

बुर्गी : कुठून आला तेही?

व्रोनी : तेही.

बुर्गी : मग पाटी लावू नका.

पोल्डी : अगं, पदकाच्या खाली म्हटलं ना!

बुर्गी : पदक घाल चुलीत. व्रोनी, सांग त्याला.

व्रोनी : बाबा, रागावू नका हं.

पोल्डी : हे वाक्य ऐकलं की मी आधी रागावून घेतो. बोल.

व्रोनी : दर रविवारी अकराच्या सुमारास रॉटरडॅमहून कोणीतरी इग्नाझकाकांचं पान उघडतं. पंधरा मिनिटं थांबतं. पानावरची मेणबत्ती लावत नाही, दोन ओळी लिहीत नाही. मी सोमवारी मावशींना सांगते.

पोल्डी : रॉटरडॅमला आपलं कोण आहे?

बुर्गी : कोण असणार! माझा थोरला, कास्पर. आठ वर्षं झाली जाऊन. बापाच्या मातीला आला नाही, पण रविवारी येतो.

पोल्डी : व्रोनी, चाळीस वर्षं मी या गावातले मेलेले पोचवतोय. त्यांच्या खिशात सापडलेल्या चिठ्ठ्या न वाचता शवपेटीत ठेवल्या. आणि तू माझ्याच दुकानातून जिवंत माणसाची खबर केकबरोबर वाटतेस?

व्रोनी : केक मावशी आणतात.

बुर्गी : खसखशीचा. तूही खातोस.

पोल्डी : मला वाटायचं, माझ्यासाठी आणतेस.

व्रोनी : एक वाट आहे. 'हो'चं बटण हिरवं, ठळक करायचं. 'नको' करड्या बारीक अक्षरांत कुठेतरी आत. खूप जण करतात तसं. लोक वाचतसुद्धा नाहीत, दाबून मोकळे होतात.

बुर्गी : तसंच कर.

व्रोनी : कायद्याला ते खरं तर चालत नाही...

पोल्डी : मला तर मुळीच चालत नाही. दाराशी मी शोकवही ठेवतो, शेजारी पेन. कोणाच्या हातात कोंबत नाही. काही जण वहीला वळसा घालून आत येतात, रडतात आणि मागच्या दाराने जातात. त्यांची नावं मी बायकोलाही सांगितली नाहीत.

बुर्गी : तुला बोलायला काय जातंय? तुझा मुलगा वरच्या मजल्यावर राहतो. माझ्याकडे आठवड्यातली ती पंधरा मिनिटं आहेत. तो 'नको' म्हणाला तर तेवढीही गेली.

पोल्डी : तो गेला कशामुळे, बुर्गी?

बुर्गी : गावाला ठाऊक आहे.

पोल्डी : गावाचं गावापाशी. तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही.

बुर्गी : लाकडाची गिरणी इग्नाझला धाकट्याच्या नावे करायची होती. कास्परची हक्क सोडल्याची सही लागत होती. कागद जेवणाच्या टेबलावर आला, सूप झाल्यावर, मांस यायच्या आधी. बाप म्हणाला, नुसता उपचार आहे, इथे खाली कर. त्याने केली. बापाने पुढे केलेला कागद कोण वाचत बसतं?

व्रोनी : तुम्ही होतात तिथे?

बुर्गी : वाढत मीच होते. कागदात काय आहे ते मला ठाऊक होतं.

पोल्डी : घे, पाणी घे.

बुर्गी : नको. व्रोनी, ती बटणं सारखी कर.

व्रोनी : सारखी म्हणजे?

बुर्गी : एका मापाची, एका रंगाची. आणि ते वकिली गुऱ्हाळ नको. मी सांगते ते लिही. 'या पानावर कोण कुठून येतं ते आम्ही पाहतो. तुम्ही आलात हे पाहू का? नको म्हणालात तरी पान उघडंच राहील. कधीही या.'

पोल्डी : 'कधीही या'? अंत्यविधीच्या दुकानाच्या साइटवर? लोक दचकतील गं.

बुर्गी : राहू दे.

पोल्डी : बरं. राहू दे.

(पुढचा सोमवार, सकाळ.)

व्रोनी : चौसष्ट जण 'नको' म्हणाले, अकरा जण 'हो'. वकिलाला कळवून टाकलं.

बुर्गी : ते अकरा कुठले?

व्रोनी : नऊ गावातलेच. एक लिन्झचा, एक ग्राझचा.

बुर्गी : म्हणजे नको म्हणाला.

व्रोनी : किंवा आलाच नसेल.

पोल्डी : व्रोनी, तू अधूनमधून गप्प बसत जा.

बुर्गी : तिला कशाला बोलतोस? विचारलं, त्याने उत्तर दिलं. आमच्या घरातून त्याला पहिल्यांदाच कोणी काही विचारलं.

पोल्डी : आता माझं ऐक. मघाशी दुकान उघडलं आणि फोन वाजला. पुरुषाचा आवाज. नाव सांगितलं नाही. म्हणाला, 'नको' दाबलं तर खरंच काही कळत नाही तुम्हाला? म्हटलं, खरंच नाही. मग म्हणाला, पाटीवरचा मजकूर वकिलाचा वाटत नाही, कोणी लिहिलाय?

बुर्गी : आणि तू?

पोल्डी : म्हटलं, लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय नाव सांगता येणार नाही.

बुर्गी : पोल्डी!

पोल्डी : नियम तो नियम. पण विचारलं, तुमचा फोन आला होता, हे तिला सांगू का?

व्रोनी : 'तिला' म्हणालात? म्हणजे सांगितलंतच की, बाबा.

पोल्डी : जीभ घसरली. वकिलाला कळवू नकोस.

बुर्गी : पुढे काय म्हणाला?

पोल्डी : मागे कुठल्याशा बोटीचा भोंगा वाजत होता. मग म्हणाला, सांगा. आणि विचारा, आज दुपारी मी घरी फोन केला तर चालेल का. नंबर देऊन ठेवलाय. तू हो म्हणालीस की मी त्याला कळवणार.

बुर्गी : मग बसलायस काय! कळव!

व्रोनी : मावशी, अहो, आत्ता कुठे नऊ वाजलेत. निघालात कुठे?

बुर्गी : फोन स्वयंपाकघरात असतो, आणि मी दिवसभर मागे बागेत. आज बाग राहू दे.