विश्वजीतच्या वेण्या

नाही, नाही, मगाशी दारात तुम्हाला एकदम 'अगं ये ना' म्हणाले, त्याचा राग मानू नका मॅडम — जाहेदाभाभी उभी होती ना, घरमालकीण, तिला सांगितलंय कॉलेजातली मैत्रीण येणार म्हणून. आता मैत्रिणीला कुणी अहो-जाहो करतं का? — नाही करत. तर भाभी दिसली की अगं, भाभी गेली की अहो. तेवढं सांभाळून घ्या. आणि थांबा, टीव्ही मोठा करते, भिंत पातळ आहे — हं. आता एचआयव्ही म्हणा. नको, मीच म्हणते, काउन्सेलर मॅडमनी सांगितलंय, घरात शब्द उच्चारायची सवय करा म्हणून. म्हटला बघा. छत आहे जागेवर.

तर तुमच्या पाहणीतला प्रश्न — आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून जे औषधपाणी, तपासण्या चालतात, त्याचा उपयोग किती होतो. लई होतो, लिहा. पोटात होता तेव्हाच रक्तातून कळलं, लगेच गोळ्या सुरू. गोकुळ, माझे मिस्टर, वाळूजला कंपनीत आहेत — त्यांची शिफ्ट चुकली असेल, आमची दोघांची गोळी नाही चुकली. बाळ झालं, त्याला पातळ औषध दिलं. मग तपासणी — चांगली. पुन्हा तपासणी — तीही चांगली. दूध सुटलं. राहिलं काय? — दीड वर्षानंतरची शेवटची, पक्की तपासणी. ती झाली की सुटलो. आणि नेमके तिथंच आम्ही गायब, व्हय ना? दवाखान्याचा फोन? वाजला की. बऱ्याचदा वाजला. मी आपली गाणं ऐकावं तसा ऐकत बसले.

कोण, ही? अहो, हाच तो! हाच विश्वजीत. वेण्या भाभीनं घातल्यात, रिबिनी पण तिच्याच. 'तेरी गुड्डीके बालां कित्ते अच्छे हैं गे' म्हणत रोज सकाळी तेल लावून बसवते. आता तर हा 'गुड्डी' म्हटलं तरी वळून बघतो. हसा, हसा, मीही हसते — कापायचे राहून गेले. म्हणजे राहून नाही गेले, मी राहू दिले. पाचोडला सासूबाई आहेत, मनकर्णाबाई. वाढदिवस झाल्यापासून मागं लागल्यात — जावळ काढू, मामाच्या मांडीवर बसवू, गावातला मोतीराम न्हावी येईल वस्तरा घेऊन. आता वस्तरा म्हटलं की — लागलं तर? रक्त आलं तर? त्याच वस्तऱ्याखाली पुढं दुसऱ्याचं लेकरू बसलं तर? — नवीन पातं लावलं की काही होत नाही, ठाऊक आहे मला. बी.एस्सी. आहे मी, संख्याशास्त्र! तुमचाच विषय. पण संख्याशास्त्र डोक्यात असतं आणि हा मांडीवर.

मग काय केलं? — तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, 'आई, जावळ आत्ता नको, मी नवस बोललेय.' त्या इतक्या खूश! शिकलेली सून आणि नवस बोलली! विचारलं, कुठल्या देवाला? आता घ्या. समोर कॅलेंडर होतं, त्यावर बालाजी. म्हटलं, बालाजीला. — हो, तिरुपतीच! खुलताबादचा मारुती सुचू नये मला? एका मोतीरामला चुकवायला गेले आणि न्हाव्यांचा अख्खा हॉल गळ्यात घेतला. सासूबाईंनी गावभर सांगितलं. कडुबा चुलते, आत्या, आत्याची जाऊ — सगळ्यांची तिकिटं काढून झालीत, पुढच्या आठवड्यात गाडी आहे. दशम्या कुणी करायच्या यावर तिकडं भांडणं चालू आहेत.

नवस कशाचा, तेही विचारलं त्यांनी. सांगितला तर फळत नाही म्हटलं, सुटले. पण तुम्हाला — अहो, नवस कुठला, थापच ती. म्हणजे, थापच होती. रात्री याला थोपटताना आपोआप बोलले गेले — शेवटचा रिपोर्ट चांगला येऊ दे, याचे केस तुझे. झालं, खरा झाला की नवस! आता रिपोर्ट आल्याशिवाय केस द्यायचे कसे? आणि रिपोर्ट काढलाच नाही तर? — तर तो चांगला नाही, वाईटही नाही. नुसते केस वाढतात.

हो, कळतं मला. जी लेकरं शेवटच्या तपासणीला येतच नाहीत, ती धड वाचली म्हणता येत नाहीत, धड नाही वाचली असंही नाही. त्यांना सोडून टक्का काढला की तो गोरागोमटा दिसतो. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी घेतले असते मी. पण समजा, तुमची शंभरातली अठ्ठ्याण्णव वाचली — तुम्ही टाळ्या वाजवणार, मीही वाजवीन. माझ्याकडं शंभर कुठंयत हो? एकच आहे. रिबिनी लावलेलं.

एक विचारू? माझ्यासारख्या अजून आहेत का, न आलेल्या? — खरंच? इतक्या? म्हणजे गंगापुरापासून कन्नडापर्यंत घरोघर लेकरं वेण्या घालून बसलीत? — अहो, मला वाटलं मी एकटीच येडी.

चहा टाकते. नको? मग पोहे तरी — आत्ता? दवाखाना उघडा असेल? आणि निकाल? — आजच? तिथंच बसल्या बसल्या? पहिल्या दोन्ही चांगल्या होत्या, नाही का? औषध एकदाही... हो, मीच सांगितलं मघाशी तुम्हाला. मीच लिहायला लावलं, लई उपयोग होतो म्हणून. बघा, तुम्हाला पटवलं आणि स्वतःला पटवायचं राहिलं. बरं — याचा स्वेटर कुठाय? टीव्ही बंद करा हो तेवढा. नको, चालू द्या — नको, करा बंद.

आले भाभी! — नाय, बाजारमें नाय, दोस्तके साथ जाके आती. — हां, गुड्डी बी साथ.

चल गं, ऊठ. पिशवी तू घे, मी याला घेते. उरलेले प्रश्न रस्त्यात विचार. काय? — भाभी कधीच आत गेली, माहितीये मला. तू चल.