गोट्यांवरचा जवळा

प्रितेश : उचल. पहिलं ते जाळं उचल, मग काय ते बोल.

रखमा : वला हाय जवला अजून. आता गुंडालला तर कुजंल.

प्रितेश : कुजू दे ना! आई, उद्या नव्यानं बांधलेल्या घराची वास्तुशांत आहे. न्हावा शेवाचं अख्खं ऑफिस जेवायला येणार. साहेब बायकोला घेऊन येणार. आणि तू नव्याकोऱ्या पांढऱ्या गोट्यांवर जवळा सुकत घातलायस!

रखमा : मग कुठं घालू? तुज्या सोफ्यावर?

प्रितेश : उलटं बोलू नको. मांडववाला गेटवर नाक दाबून उभा होता. मला ऑफिसात फोन करून बोलतो, शेठ, अंदर कुछ मर गया है क्या.

रखमा : मेलेलीच असते मासली. जित्ती कोन सुकवतं?

प्रितेश : जोक नको मारू. हे बघ. इथं बघ. जाळ्यातून खाली सांडलाय सगळा, फटीफटीत शिरलाय. आता काढायचा कसा? एकेक गोटा पलटी करू?

रखमा : जालं जुनं हाय, फाटलंय जागजागी. मी तुना बोलली हुती, बारीक जालं आन. आनलास? तुज्या त्या राजस्थानच्या दगडांसाठी बरा वेल गावला.

प्रितेश : जाळ्याचा विषयच नाय इथं! ही जागा जवळ्याची नाय राहिली आता.

रखमा : नाय राहिली? लगीन होऊन आली तवापासून सुकवते मी या अंगनात. शेनानं सारवायची नि वर पसरायची. अख्ख्या बोनकोड्यात माज्या जवल्यात कोनाच्या दाताखाली खडा आला नाय.

प्रितेश : तेव्हा माती होती. आता लँडस्केपिंग केलंय. माणूस बोलवून, डिझाइन काढून.

रखमा : कोनासाठी केलंस?

प्रितेश : कोणासाठी म्हणजे? घरासाठी.

रखमा : तू मना काय बोललास? पायरीवर बसून, चा पिता पिता? आई, अंगनाचं काम काढतो, तुजा सगला त्रास मिटवतो. बोललास का नाय?

प्रितेश : बोललो.

रखमा : मग?

प्रितेश : मग मिटवला ना! उन्हात बसायचं नाय, कावळे हाकलायचे नाय, कंबर मोडायची नाय. बस आता आरामात.

रखमा : म्हंजे धंदा बंद.

प्रितेश : मी असं कुठं बोललो?

रखमा : अरे, मग बोल ना तोंडानं! तोंडानं बोलायला जीभ झडली, म्हनून गोटे आनून टाकलेस?

प्रितेश : तुझं वय झालंय, लोक काय बोलत असतील...

रखमा : माज्या वयाला मधी आनू नको. सकाली पाटी डोक्यावर घेऊन मार्केटला मी जाते. तू हात लावाय येत नायस.

प्रितेश : रुतिकाला वासाचा त्रास होतो.

रखमा : बायकोच्या पदराआड लपतोस? शरम कर. परवा माज्या बाजूला बसून बोंबील चिरत हुती ती. सुकटीची चटनी डब्यात भरून नेली. विचारू तिला? रुतिका! ए रुतिका!

प्रितेश : ओरडू नको! ठीक आहे. मला होतो त्रास. मला. बास?

रखमा : हां, आता आलास वाटंवर. खाल्ल्या घरचे वासे मोजनारे पुष्कल बघितले. खाल्ल्या घरचा वास मोजनारा तूच पयला.

प्रितेश : तुला काय जातं बोलायला! शाळेत सगळी पोरं मला सुकट बोलायची. प्रितेश नाय, सुकट. बेंचवर बाजूला कोन बसाचा नाय. आता पन ऑफिसात एसीत शिरलू का आधी सोताच्या शर्टाचा वास घेतंय मी!

रखमा : बघ. राग आला का आपली बोली येते तोंडात.

प्रितेश : मस्करी नाय चाललीय.

रखमा : मी पन मस्करी नाय करत. सुकट बोलायचे, ते मना कदी सांगितलं नायस.

प्रितेश : सांगून काय केलं असतंस? तू शाळेत डबा घेऊन यायचीस, तेव्हा मी पळत गेटवर यायचो. कशाला यायचो? तुला कोणी बघू नये म्हणून.

रखमा : डबा घ्यायला पलत यायचास, ते?

प्रितेश : हां. ते.

रखमा : मी बाजारात सांगायची सगल्यांना. माजा पोरगा पलत येतो, आयशीला उन्हातून आतपरत चालाय लावत नाय.

प्रितेश : आई...

रखमा : गप. आता मना हे अंगन नीट समजू दे. ही कडंची काल्या दगडाची किनार कशाला?

प्रितेश : एजिंग आहे ती. गोटे बाहेर जाऊ नयेत म्हणून.

रखमा : मी मनात बोलली, जवला बाहेर जाऊ नये म्हनून. पोरानं जवला सुकवायच्या खल्याला काठ बांधला. नि खालचं कालं कापड?

प्रितेश : गवत उगवू नये म्हणून.

रखमा : मी बोलली, जवल्याला माती लागू नये म्हनून. गोटे पन मना पटले रे. वर जालं टाकलं का खालून वारा लागंल, पानी निथलंल, सारवायची कटकट गेली. नि हे बुटके दिवे?

प्रितेश : शो साठी.

रखमा : मी बोलली मांजरांसाठी. उजेड असला म्हंजे रातचं मांजर तोंड घालनार नाय.

प्रितेश : आता मी काय करू? तूच मनात काय काय धरून बसलीस.

रखमा : हां. मीच. मार्केटात पन सांगून बसली. पोरानं मना नवं खलं बांधलं, पांढऱ्या दगडाचं, राजाच्या घरी पन नसंल असं.

प्रितेश : मार्केटात? आई, कोणाला बोलावलं तर नाहीस ना बघायला?

रखमा : गिरजीला बोलली, तुजा जवला पन घेऊन ये. जागा पुष्कल हाय.

प्रितेश : कधी ये बोललीस?

(गेट वाजतं.)

गिरजाबाई : रखमे! अगो गेट उघड, डोक्यावर वझं हाय!

प्रितेश : आई, तिला बाहेरच्या बाहेर कटव. प्लीज. औषध मारलंय बोल. काहीपण बोल.

रखमा : तूच बोल. तुजं अंगन हाय.

गिरजाबाई : कोन, प्रितेश का? बाबा रं, केवढा झालास! नि हे काय, दुधासारखं पांढरं केलंस अंगन! रखमे, तू सांगत हुतीस तवा मना थापा वाटल्या. आमची पोरं साधा पत्रा ठोकून देत नायत. नि यानं आयशीसाठी केवढं केलं बघ. पोरा, पुन्य लागंल तुना.

प्रितेश : मावशी, ते... बसा ना. सरबत घेता?

गिरजाबाई : सरबत र्‍हाऊ दे, आधी पाटी उतर. हां, हलू. अरे नाक कशाला फिरवतोस, ताजा हाय, सकालचाच. कुठं पसरू, रखमे? इकडं का त्या दिव्याकडं?

रखमा : पसरू नको, गिरजे.

गिरजाबाई : का गो? आनि हा तुजा जवला तर खाली शिरलाय सगला. असा कसा शिरला?

प्रितेश : मावशी, काम बाकी आहे अजून. वरून फरशी बसवायचीय, म्हणजे कारागीर आला नाय, म्हणून...

रखमा : खोटं बोलू नको. गिरजे, चूक माजी हाय. मना वाटलं, माज्यासाठी हाय.

गिरजाबाई : म्हंजे?

रखमा : म्हंजे काय नाय. पाटी उचल, एका बाजूनं मी धरते. तुज्या अंगनात जागा हाय का?

प्रितेश : आई, कुठं चाललीस? उद्या घरात पूजा आहे.

रखमा : पूजेला येईन. आंघोल करून, नवं लुगडं नेसून येईन. वास येनार नाय, भिऊ नको.

गिरजाबाई : अगो, जागा हाय, पन कोंबड्या मोकल्या असतात माज्याकडं. जवल्याला टोची मारतात.

रखमा : मारू दे. कोंबड्या परवडल्या. चल.