इवासाकी कोचना कोण ओळखतं

हॅलो?… हं नंदा, बोल ना… कोण? आपल्या मुलींचे सॉकर कोच? इवासाकी?… फेमस? अगं, काहीतरीच काय!

तुझ्या राकेशला कोणी सांगितलं?… त्याच्या प्लांटमधल्या जपानी इंजिनिअरने?… थांब, स्टोव्ह बारीक करते… हं. जपानच्या नॅशनल टीमचे कॅप्टन होते?… तिकडे शाळेतल्या पोरांनाही नाव पाठ?… अगं बाई!

आणि इथे मिशिगनमध्ये, या नोव्हाय गावात, आपण त्यांना हाफ टाइमला संत्री सोलायला बसवतो… हो, हो… अगं ऐक ना, गेल्या उन्हाळ्यात ते मुलींना घेऊन पॉन्टिअ‍ॅकला वर्ल्ड कपची मॅच बघायला आले होते, आठवतं? तो जपानी टूरिस्टांचा घोळका एकसारखा त्यांच्यासमोर वाकत होता. आणि मी तुला म्हटलं, यांच्यात पद्धतच असेल!… हसू नकोस गं.

नाही, मला नाही हसू येत. कोचना काढायच्या पत्रावर आपण सह्या केल्यात, नंदा. उद्या त्याचीच मीटिंग… हो, मलाही तेव्हा पटलं होतं. नुसतं पासिंग शिकवतात, गोल मारू देत नाहीत. आणि ग्राउंडवर पाय ठेवायच्या आधी मुलींना वाकून नमस्कार करायला लावतात… ‘विचित्र वाटतं’ हे वाक्य माझंच होतं, विसरलीस?

अगं, माझे बाबा! नागपूरला इंदोऱ्यात कबड्डीला उतरताना आधी माती कपाळाला लावायचे. रोज बघायचे मी. तिथे बाबांना सगळा मोहल्ला ओळखायचा. इथे चार महिने राहिले, तर शेजाऱ्यालाही नाव माहीत नव्हतं… आणि मीच लिहिते, विचित्र! लाज वाटते गं…

नाही, ते फेमस आहेत म्हणून नाही… म्हणजे, खरं सांगू? तू फोन केला नसतास तर उद्या मी खुशाल हात वर केला असता. त्याचीच लाज वाटते… ऐक, मी उद्या उठून सांगणार आहे, माझं चुकलं. त्यांचं मोठेपण मध्ये आणायचं नाही… नाही ऐकलं तर नाही.

काय?… मीटिंग कॅन्सल? कोणी केली?… तू सगळ्यांना फोन केलेस?… केक? ऑटोग्राफ?…

आणि ते पत्र?… फाडलं.

नाही गं, चांगलंच झालं. आमची रीमा तर नाचेल… रागावले नाही, खरंच. पण आता जो तो म्हणणार, आम्हाला कोच पहिल्यापासून आवडायचे. आणि मीही त्यांच्यातलीच एक…

कोचना पत्राबद्दल कळलं नसेल ना?… कधी?… गेल्या आठवड्यातच कळलं होतं?

मग शनिवारी… शनिवारी रीमाच्या बुटाची लेस बांधत होते गं ते. गुडघ्यावर बसून. माझ्याकडे बघून हसले पण…

हं… आहे, ऐकतेय. नंदा, त्यांच्या घरचा नंबर दे… नाही, ऑटोग्राफला नाही… काय बोलणार ते मलाही माहीत नाही. तू सांग, पेन आहे हातात… थ्री-फोर-नाइन… हं… हं… झालं. ठेव आता. ठेव ना, नाहीतर माझा धीर जाईल.