शंभरातले चौघं

माझ्या लेकीच्या हातून खाऊच्या डब्याचं झाकण ठणकन पडलं आणि फोटो स्टुडिओतल्या बाकावरची शांतता मोडली. आमच्या शेजारी बसलेले एक वडील आणि त्यांची कॉलेजात जायच्या वयाची मुलगीही त्यानंतरच बोलू लागले.

"अर्जावरचा फोटो आहे, जरा हसरा काढ. त्या नावाजलेल्या कॉलेजातल्या प्रवेशाचं काम झाल्यातच जमा आहे म्हणा."

"बाबा, सगळ्या गल्लीला सांगून बसलात ना?"

"मग? शाळेत पहिली आलीस तू!"

"तिथे अर्ज करणारे सगळेच आपापल्या शाळेत पहिले आलेले असतात."

"सगळेच?"

"जवळजवळ. त्यातल्या शंभरांतून चौघांना घेतात."

"बापरे! बाकीचे शहाण्णव काय ढ असतात?"

"नाही ना. तेही माझ्यासारखेच."

"म्हणजे तुला मिळणार नाही?"

"बहुतेक नाही. म्हणून जिथे नक्की मिळेल, तिथले दोन अर्ज आधीच भरलेत. नाही मिळालं तर एक दिवस रडेन आणि तिकडे जाईन."

"एवढं सगळं कळतंय, तर मग हा फोटो कशाला?"

"बाबा, ते चौघंही आत्ता असेच कुठेतरी बसले असतील. आपण त्या चौघांतले आहोत, हे त्यांनाही कुठे माहितीये?"



"चला, पुढचं कोण?" आतून फोटोग्राफरची हाक आली.

"जा बाळा. केस नीट... नको, राहू दे. आहेत तसेच छान आहेत."

पडदा हलला आणि ती आत गेली. माझ्या लेकीने मांडीवरून मान वर केली.

"आई, मी त्या चौघांतली आहे का गं?"