स्टोयानचं पुसलेलं कार्ड

प्लोवदिवच्या दंतवैद्याकडे सुजलेला गाल धरून बसलेली वेसेला शेजारच्या दोघी म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकत होती.

“माझ्या नवऱ्यानं, स्टोयाननं, भलंमोठं मेमरी कार्ड आणलं, आपलं सगळं वाजवणं त्यात भरलं. पण प्लेअरला कार्डच ओळखेना! भाचा म्हणाला, फॉरमॅट करा.”

“मग?”

“ह्यानं केलं! चाळीस वर्षांचं अकॉर्डियन पुसलं गेलं.”

“अगंबाई! रडला असेल.”

“तीन दिवस वाद्याला हात नाही लावला.”

“आता कुठलं परत मिळतंय!”

“माझ्याकडे कॉपी आहे की, पिठाच्या डब्यात.”

“मग दे ना त्याला, मेले!”

“त्या शांततेत दुपारची झोप लागायला लागली होती गं, डोंके. म्हटलं, ईस्टरनंतर देऊ.”

“आणि आता?”

“आज सकाळी म्हणाला, सगळं पहिल्यापासून वाजवून पुन्हा रेकॉर्ड करतो.”

“अरे देवा!”

“दात गेला खड्ड्यात, मी घरी चालले पिठाचा डबा उघडायला.”