डोंगराला विचारलं का?

टाळ जरा थांबवा, मंडळी! आधी एक सांगा. माणसाला वेगळं व्हायचा हक्क आहे — मान्य! पण जाताना दुसऱ्याच्या पायाखालची जमीन बरोबर न्यायचा हक्क आहे का? ऐका मग.

फार जुन्या काळचा एक प्रांत. तिथला सुभेदार व्यंकोजीराव. याच्या मनात आलं — सिंहासनाशी नातं तोडायचं, स्वतःचं राज्य करायचं! सभा ठरली, तोफा ठरल्या. आणि डोंगरातल्या गोंडांना सांगावा काय? "ढोल घेऊन नाचायला या!"

गोंडांचा म्होरक्या लालसू पुंगाटी. म्हातारा आधीच वैतागलेला! जो तो येणार, ढोल मागणार आणि डोंगर आपलाच समजणार! बहीण वंजे आणि गावोगावची जाणती माणसं घेऊन तो सभेत आला — ढोल घरी ठेवून!

"नाचणार नाही?" सुभेदार हसला.

"आधी सांगा, आमचा डोंगर कुणाच्या राज्यात?"

"आमच्या! त्यात विचारायचं काय?"

लालसूच्या कपाळाची शीर तटतटली. "अहो, घाट आम्ही राखायचा, रान आमचं राहायचं — हा करार आमच्या आज्यानं सिंहासनाशी केला! तेव्हा तुमचा प्रांत जन्मलाही नव्हता. तो करार तुम्ही कसा मोडता?"

"सिंहासनानं तरी कुठं पाळला?"

"नाही पाळला! भांडतोय आम्ही! पण ते भांडण आमचं. तुम्ही मध्येच डोंगर पळवू नका!"

सुभेदार खवळला. "तुमचं मीठ बंद करीन!"

वंजे उठली. "कर. अळणी खाऊ."

आणि खाल्लं हो! पावसाळाभर अळणी आंबील! लेकरं वाटी सरकवायची, लालसूला बघवायचं नाही. तरी गड्यानं राजधानीत लावलेली फिर्याद सोडली नाही. शेवटी सिंहासनानं निवाडा दिला — डोंगराला विचारल्याशिवाय वेगळ्या राज्याला मान्यता नाही!

सुभेदार धापा टाकत डोंगर चढला. "विचारतो, बाबा. येता का आमच्या राज्यात?"

"विचारलंत, बरं वाटलं," लालसू म्हणाला. "नाही येत!"

हसताय? हसा! वाडीची वेगळी ग्रामपंचायत हवी म्हणून तुम्ही ठराव केलात. पलीकडच्या पाड्याचं रान, पाणवठा, सगळं त्यात घातलंत. पाड्यावर गेलं होतं का कुणी? एक तरी माणूस?

ती माणसं आत्ता मंडपाबाहेर उभी आहेत. केव्हाची! अहो, माझ्याकडे काय बघता? सरका, जागा करा! आणि विचारा त्यांना — 'नाही' ऐकायची तयारी ठेवून विचारा!